बक्षिसाला गर्दी, दुकानाला गिऱ्हाईक?

गणपतीपाठोपाठ महालक्ष्मींचे आगमन झाले, की नांदेड आणि लातूरमधील मोबाइलच्या पडद्यांवर स्पर्धांची रांग लागते. सजावटीचे छायाचित्र पाठवा, आमचे पान 'लाइक' करा, पाच मैत्रिणींना 'टॅग' करा आणि पैठणी जिंका, असे आवाहन साड्यांच्या दुकानापासून सराफी पेढीपर्यंत आणि मिठाईवाल्यापासून खासगी शिकवणीपर्यंत सारेच करू लागले आहेत. एखाद्या साडीच्या किमतीत हजारो लोकांपर्यंत नाव पोचत असेल, तर लहान व्यापाऱ्याला हा मार्ग स्वस्त वाटणे स्वाभाविक आहे. बड्या ऑनलाइन कंपन्यांच्या सवलतींशी झुंजताना त्याच्या हातात असलेल्या मोजक्या साधनांपैकी हे एक आहे. मात्र, स्पर्धेसाठी जमलेली गर्दी आणि दुकानाला लाभलेले गिऱ्हाईक या दोन गोष्टी एकच आहेत का, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

जुनी वाट, नवे साधन

स्पर्धेच्या निमित्ताने माणसे जमवायची आणि त्यातून व्यवहार वाढवायचा, ही कल्पना या भागाला नवी नाही. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत पशुप्रदर्शन भरते, कुस्त्यांचा फड रंगतो आणि विजेत्यांना बक्षिसे मिळतात. नांदेडची लाल कंधारी आणि लातूरची देवणी ही गोवंशाची दोन्ही नावे या भागाने अभिमानाने जपली आहेत. अशा प्रदर्शनात उत्तम जनावर निवडले जाते ते सर्वांसमक्ष. पाहणाऱ्यांत स्वतः पशुपालक असतात, खरेदीदारही असतात. म्हणजे जमलेली गर्दी हीच बाजारपेठ असते आणि निकाल कसा लागला, हे प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलेले असते.

वृत्तपत्रसृष्टीनेही हा मार्ग चोखाळला. गेल्या शतकाच्या मध्यात बंगळूरहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकातील बक्षिसी शब्दकोड्यांचा तत्कालीन मुंबई राज्यात मोठा प्रसार होता. या स्पर्धांवरील नियंत्रण आणि कराचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५७ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले, की जुगाराच्या स्वरूपाच्या स्पर्धांना व्यापारस्वातंत्र्याचे घटनात्मक संरक्षण मागता येणार नाही. कौशल्याची स्पर्धा आणि नशिबाची सोडत यांतील ही सीमारेषा आजही तितकीच महत्त्वाची आहे. पुढे २००४ मध्ये सुरू झालेल्या 'होम मिनिस्टर' या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने पैठणी हे बक्षीस घराघरांत पोचवले. 'खेळ पैठणीचा' हे हळदी-कुंकवाच्या समारंभांचे अविभाज्य अंग झाले. समाजमाध्यमांवरील स्पर्धा ही याच परंपरेची पुढची पायरी होय. फरक एवढाच, की येथे मैदान दिसत नाही, पंच दिसत नाहीत आणि बहुतेक वेळा प्रेक्षक कोठला आहे, हेही कळत नाही.

बक्षीस कोणाला ओढते?

समजा, एखाद्या साडीच्या दुकानाने महागडा मोबाइल बक्षीस म्हणून ठेवला. मोबाइल सर्वांनाच हवा असतो. त्यामुळे साडीशी अथवा नांदेडशी काडीचाही संबंध नसलेले, केवळ बक्षिसांच्या मागावर असलेले लोक देशभरातून सहभागी होतात. निकाल लागला, की ते निघून जातात. पानावरील अनुयायांचा आकडा फुगलेला राहतो. पण नव्या मालाची छायाचित्रे पाहायला कोणी फिरकत नाही. याच दुकानाने बक्षीस म्हणून दुकानातीलच साडी ठेवली आणि ती येऊन निवडण्याची अट घातली, तर सहभागींची संख्या घटेल; परंतु उरलेल्यांत खऱ्या गिऱ्हाइकांचे प्रमाण वाढेल. नांदेडच्या बाजारपेठेला तर आणखी एक बाजू आहे. धर्माबाद, बिलोली, देगलूरच्या पलीकडे तेलंगण आहे, तर उदगीरपासून कर्नाटकातील बिदर दूर नाही. सीमेपलीकडील गिऱ्हाईक हवे असेल, तर स्पर्धेची भाषा आणि अटी त्यालाही समजतील अशाच ठेवाव्या लागतात.

लातूरच्या शिकवणी वर्गांनी हे सूत्र समाजमाध्यमांच्या आधीच ओळखले होते. प्रवेशापूर्वी घेतली जाणारी शिष्यवृत्ती परीक्षा ही एका अर्थाने स्पर्धाच असते. तिचे बक्षीस म्हणजे शुल्कातील सवलत, आणि ती ज्याला त्या वर्गात शिकायचे आहे त्याच्याच उपयोगाची असते. साहजिकच परीक्षेला येणारा बहुतेक प्रत्येक जण संभाव्य विद्यार्थी असतो.

विजेता ठरविण्याची पद्धतही तितकीच निर्णायक ठरते. सर्वाधिक 'लाइक' मिळवणाऱ्याला बक्षीस, ही पद्धत सोपी. पण तीत सर्वांत सुंदर सजावट जिंकत नाही, सर्वांत मोठा गोतावळा जिंकतो. पुण्या-मुंबईपासून आखातापर्यंत विखुरलेले नातलग मते देतात. काही ठिकाणी तर 'लाइक' विकतही घेतले जातात. रात्र जागून महालक्ष्मींची आरास मांडणाऱ्या गृहिणीच्या मनात त्यानंतर त्या दुकानाविषयी काय भावना राहत असेल, हे सांगण्याची गरज नाही.

नियमांची चौकट

समाजमाध्यमांचे स्वतःचे नियमही अनेकांच्या गावी नसतात. स्पर्धेत भाग घेण्यासाठी मित्रांना 'टॅग' करण्याची किंवा स्वतःच्या भिंतीवर जाहिरात लावण्याची सक्ती फेसबुकच्या नियमांत बसत नाही. अशा मार्गाने प्रतिसाद उकळणाऱ्या मजकुराचा प्रसार कमी करण्याचे धोरण त्या कंपनीने डिसेंबर २०१७ मध्येच जाहीर केले. ज्या युक्तीने प्रसार वाढवायचा, तीच तो खुंटवू शकते.

कायद्याची बाजू अधिक गंभीर आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बक्षीस योजनेचा अंतिम निकाल सहभागींपासून दडवून ठेवणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. विक्री वा व्यावसायिक हित वाढविण्यासाठी घेतलेल्या स्पर्धा आणि सोडतींचाही, विहित अपवाद वगळता, याच व्याख्येत समावेश आहे. तक्रारीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजा खुला आहे. हा प्रश्न मोठ्या कंपन्यांनाही चुकला नाही. २००७ मध्ये 'कौन बनेगा करोडपती'च्या प्रेक्षकांसाठी घेतलेल्या लघुसंदेश स्पर्धेत प्रत्येक संदेशाला २ रुपये ४० पैसे मोजावे लागत. त्याविरुद्धच्या तक्रारीत राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वाहिनी आणि दूरध्वनी कंपनीला एक कोटी रुपयांची दंडात्मक भरपाई ठोठावली. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पुराव्याअभावी हा आदेश रद्द केला. पण तोवर अकरा वर्षे लोटली होती. एवढी दीर्घ लढाई जिल्ह्याच्या गावातील दुकानदाराला परवडणारी नाही. शिवाय, सोडतीतील बक्षीस १० हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीचे असल्यास ३० टक्के प्राप्तिकर आधी भरावा लागतो, याचीही अनेकांना कल्पना नसते.

सर्वांत दुर्लक्षित मुद्दा माहितीचा आहे. स्पर्धेच्या निमित्ताने नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक आणि घरातील मुलांची छायाचित्रे गोळा होतात. बाळकृष्णाच्या वेशातील चिमुकल्याचे छायाचित्र पुढे कोठे वापरले जाईल, हे पालकांना कोणी सांगत नाही. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत असून, अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती त्यात आवश्यक मानली आहे. दुसरीकडे, 'तुम्ही बक्षीस जिंकले' असे सांगून प्रक्रिया शुल्क उकळणाऱ्या भामट्यांना प्रामाणिक स्पर्धांचीच आड मिळते. प्रत्यक्ष दुकानाच्या नावाने बनावट पान उघडून विजेत्यांकडून पैसे मागणे त्यांना अवघड नाही. अशी फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तातडीने तक्रार करता येते. परंतु गेलेली पत परत मिळवून देणारा क्रमांक नाही.

पत हेच भांडवल

म्हणूनच स्पर्धा घेऊ नये असे नव्हे. ती माळेगावच्या फडासारखी उघड्यावर घ्यावी, एवढेच. नियम, अंतिम मुदत आणि परीक्षकांची नावे आधी जाहीर करावीत. बक्षीस आपल्याच मालाचे असावे. निकाल ठरलेल्या दिवशी कारणांसह प्रसिद्ध करावा आणि पारितोषिक दुकानातच चार लोकांसमक्ष द्यावे. जमवलेले क्रमांक स्पर्धेपुरतेच वापरावेत आणि यशाचे मोजमाप 'लाइक'वर न करता, पुढील तीन महिन्यांत किती नवी माणसे दुकानात आली यावर करावे. महानगरात एक ग्राहक दुरावला तर दुसरा मिळतो. नांदेड-लातूरसारख्या शहरांत मात्र सोयरीक, शेजार आणि व्यवहार एकमेकांत गुंतलेले असतात. येथे एका संशयास्पद निकालाची चर्चा पुढच्या महालक्ष्मीपर्यंत पुरते. पिढ्यान्‌पिढ्या जमवलेली पत एका पैठणीच्या मोबदल्यात पणाला लावायची का, याचा निर्णय व्यापाऱ्यांनी पुढची स्पर्धा जाहीर करण्यापूर्वी घ्यायला हवा.