तर्टी ट्री

२०२३ च्या उन्हाळ्यात लेकीकडे डब्लिनला राहून आले. एकदा बसस्टॉपवर एकटीच उभी होते. शेजारच्या आजीबाईंना विचारलं, सिटी सेंटरला कुठली बस जाते? त्या हसून म्हणाल्या, "तर्टी ट्री." मला काही केल्या उमगेना. ट्री म्हणजे झाड ना? तेवढ्यात ३३ नंबरची बस आली आणि डोक्यात प्रकाश पडला!

मंडळी, मी चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. स्वतः मराठी माध्यमातली, एबीसीडी पाचवीत भेटली. प्रशिक्षणात आम्हाला बजावलं होतं की 'थ्री' म्हणताना जिभेचं टोक दातांमध्ये यायला हवं, 'थंडी'तला थ चालणार नाही. मी ते वेदवाक्य मानलं. आणि इथे जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या आजीबाई जीभ दातांना नुसती टेकवून मोकळ्या झाल्या! त्यांच्या मूळ आयरिश भाषेत तो दातांमधला उच्चार नाही. आयरिश लोकांनी इंग्रजी घेतलं, पण जीभ आपलीच ठेवली. शॉ, येट्स, जॉइस सगळे डब्लिनमध्ये जन्मलेले. त्या गावाचं इंग्रजी कच्चं म्हणायची कोणाची छाती आहे?

आपल्याकडेही काय कमी गंमत आहे? बंगाली माणसाचं 'भेरी गुड', तमिळ मित्राचं 'यम्मे' म्हणजे एम.ए., गुजराती शेजाऱ्यांचा 'होल' म्हणजे हॉल. आपण मराठी माणसं ॲ आणि ऑ ठणठणीत म्हणतो, कारण त्यासाठी आपण लिपीत चिन्हंच करून घेतली. पण आपले ट आणि ड असे कडक की दोन वाक्यांत गाव ओळखावं. मला तर असं इंग्रजी ऐकलं की त्या माणसाच्या घरात डोकावल्यासारखं वाटतं.

शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून पुलंनी १९७५ साली 'ती फुलराणी' आणली. फुलराणीच्या बोलण्यावर आपण जीव टाकला. 'वस्त्रहरण'मधल्या मालवणीलाही टाळ्या दिल्या. मग आपल्याच पोराच्या इंग्रजीत गावाचा वास आला की मान खाली का जाते?

समोरच्याला कळलं पाहिजे, हे मान्यच. भराभर बोललं किंवा जोर भलत्याच अक्षरावर दिला तर खरंच कळत नाही. 'डेव्हलप'मध्ये जोर 'व्हे'वर हवा, आपण तो 'डे'वर देतो. हे शिकवायला हवं होतं. मी मात्र जिभेच्या टोकामागे लागले.

आणि त्याची किंमत एका मुलाने मोजली. खेड्यातून चालत येणारा, धिटाईने हात वर करणारा. 'थर्सडे' त्याने आपल्या थ ने म्हटलं. मी त्याला उभं करून दहा वेळा म्हणायला लावलं. वर्ग हसला, मीही हसले. त्यानंतर वर्षभर त्याने माझ्या तासाला हात वर केला नाही. तेव्हा मला वाटलं, पोरगं आळशी झालं.

एके काळी कॉलसेंटरमधली आपली मुलं अमेरिकन नावं घेऊन बोलत. आता बोलता बोलताच भारतीय वळण पुसून टाकणारं सॉफ्टवेअर आलंय म्हणे. सोय असेल, पण मला त्यात माझाच वर्ग दिसतो. फरक इतकाच की आता हसायलाही कोणी लागत नाही.

असो. तो मुलगा आता पन्नाशीला आला असेल. कुठे भेटला तर त्याला तर्टी ट्रीची गोष्ट सांगायची आहे, आणि माफीही मागायची आहे. मराठीत.