लाखेचं सील पाकिटावर, आतलं कार्ड उघडंच!

मंडळी, पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा. उद्या तुमचंही मेमरी कार्ड 'जप्त मुद्देमाल' होऊ शकतं.

पंचनाम्याची रीत आपल्याला ठाऊक आहे. दोन पंच, खाकी पाकीट, दोरा, लाखेचं सील, सह्यांची चिठ्ठी. कोयता असो, दारूची बाटली असो की मेमरी कार्ड, रीत एकच. कोयत्याला ती पुरते, कार्डाला नाही. पाकीट फोडून कार्ड साध्या कॉम्प्युटरला नुसतं लावलं, तरी विंडोज त्यावर स्वतःच्या नोंदी लिहून ठेवू शकतं. कुणाच्या मनात पाप नसलं तरी पुरावा बदलतो. पाप असेल तर बोलायलाच नको.

"कार्डाच्या कडेला लॉकचं बटण असतं की!" असं एका हवालदारांनी मला ऐकवलं होतं. असतं, मोठ्या कार्डाला. पण ते बटण फक्त रीडरला 'लिहू नकोस' अशी विनंती करतं. आतल्या चिपला त्याचा पत्ताही नसतो. मोबाईलच्या मायक्रो कार्डाला तर तेवढंही बटण नाही.

खरं कुलूप आत आहे. एसडी कार्डाच्या चिपमध्ये सीएसडी नावाचं रजिस्टर असतं. त्यात लेखनबंदीचे दोन बिट असतात. एक तात्पुरता, लावता-काढता येणारा. दुसरा कायमचा, एकदा लावला की परत फिरत नाही. लिनक्सवर 'एसडीटूल' नावाचा फुकट प्रोग्राम आहे. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, की हा बिट लिहिला जातो. साधा यूएसबी रीडर चालत नाही, थेट एसडीचा खाचा लागतो, एवढंच.

आता नीट वाचा. ही कमांड मूळ पुराव्यावर चालवा असं मी म्हणत नाही. रजिस्टर लिहिणं हाही बदलच आहे. आणि कुलूप लावण्याआधी आत कुणी काय घातलं, हे कुलूप सांगत नाही. म्हणून मूळ कार्डाला राइट ब्लॉकर लावायचा, म्हणजे वाचता येईल पण लिहिता येणार नाही. मग हॅश काढायचा. शा-२५६ पद्धतीने ६४ अक्षर-आकड्यांची एक ओळ मिळते. कार्डातला एक बिट बदलला तरी ती ओळ बदलते. मग प्रत काढायची, आणि कायमचं कुलूप त्या प्रतीला लावायचं.

हे सगळं दूरचं वाटतंय? मग येरवड्याकडे बघा.

१९ मे २०२४ चा कल्याणीनगरचा पोर्शे अपघात. दोन तरुण इंजिनिअर गेले. गुन्हा येरवडा पोलीस ठाण्यात. ससूनमध्ये रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. हे उघडकीला कसं आलं? दुसरा नमुना औंधच्या रुग्णालयात घेतला होता आणि डीएनए जुळला नाही म्हणून. रक्ताला डीएनए असतो, तसा डेटाला हॅश. दुसरा नमुना दुसऱ्याच्या हातात होता, म्हणून लबाडी सापडली. त्याच प्रकरणात बार आणि हॉस्पिटलच्या सीसीटीव्ही फुटेजवरही तपासाची भिस्त होती. फुटेजचा 'दुसरा नमुना' कुणाकडे असतो? कुणाकडेच नाही!

आता येरवडा जेल. एल्गार परिषद प्रकरणात १७ एप्रिल २०१८ ला रोना विल्सन यांच्या घरी झडती झाली, लॅपटॉप जप्त झाला. ६ जूनला अटक, पुढे मुक्काम येरवडा. फेब्रुवारी २०२१ मध्ये आर्सेनल या अमेरिकन कंपनीने बचाव पक्षाच्या विनंतीवरून डिस्कची प्रत तपासली आणि सांगितलं, मालवेअरने पत्रं आत पेरली. एनआयएने ते फेटाळलं, आपल्या प्रयोगशाळेला मालवेअर सापडला नाही म्हणाले. खरं कोण, हे कोर्ट ठरवेल. पेरणीचा आरोप जप्तीच्या आधीचा आहे, तो एकट्या हॅशने सुटत नाही. पण हा वाद तपासता आला तो बचावाच्या हाती डिस्कची प्रत आली म्हणूनच. जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने जामीन दिला, तोवर साडेसहा वर्षं गेली आणि खटला सुरूही झाला नव्हता.

तुम्हाला ती माणसं आवडोत न आवडोत, प्रश्न त्यांचा नाही. आज सरकार तुमच्या आवडीचं असेल. उद्याचं सांगता येतं का?

कायदा काय म्हणतो? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. चांगलंच आहे. पण हॅश जागेवरच काढून मालकाच्या हातात द्या, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं नाही. प्रमाणपत्र महिन्याने भरलं, तर मधल्या महिन्याचा जामीन कोण घेणार?

पत्रकारांच्या उपकरणांच्या जप्तीसाठी नियम हवेत, असं सुप्रीम कोर्टाने ७ नोव्हेंबर २०२३ लाच केंद्राला सुनावलं. मी म्हणतो, फक्त पत्रकारांसाठी का? टपरीवाल्याच्या मोबाईलला किंमत नाही?

"मनुष्यबळ नाही, वेळ नाही," हे उत्तर येणारच. मेमरी कार्डाचा हॅश काही मिनिटांचं काम आहे. मोठ्या हार्ड डिस्कला तास लागतात, मान्य. मग सील करा आणि मालकाच्या किंवा वकिलाच्या समोरच उघडा. मोबाईल चालू केला की आतला डेटा बदलतो, हेही मान्य. तिथे बाहेर काढलेल्या प्रतीचा हॅश द्या.

मागण्या तीनच:

१) प्रत्येक पोलीस ठाण्यात राइट ब्लॉकर आणि तो वापरता येणारा एक माणूस.
२) हॅश पंचनाम्यातच, पंचांच्या सहीखाली, आणि त्याची प्रत मालकाला.
३) डेटाची एक कुलूपबंद प्रत कोर्टात, पहिल्याच हजेरीला.

यात प्रामाणिक पोलिसाचंच भलं आहे. उद्या वकील उलटतपासणीत "तुम्हीच घातलं" म्हणाला, तर ६४ अक्षरं त्याच्या तोंडावर फेकता येतील.

तोवर एक करा. पंचनाम्यावर सही करायची वेळ आली तर विचारा, "साहेब, हॅश किती?" उत्तर नाही मिळालं, तर सहीखाली तसं लिहून द्या. आणि ही पोस्ट कॉपी करून पुढे पाठवा, माझं नाव नसलं तरी चालेल.