कोठारातील बेड्या आणि चांदीची भांडी

उत्तर-आधुनिकता हा शब्द आपल्याकडील चर्चासत्रांत फार स्वस्त झाला आहे. सत्य असे काही नसतेच, जो तो आपापली गोष्ट सांगतो, असा त्याचा सोयीस्कर अर्थ लावून प्रस्थापित मोकळे होतात. म्हणजे फटके मारणाऱ्याचीही एक गोष्ट आणि खाणाऱ्याचीही एक गोष्ट! हा हिशेब आम्हाला मान्य नाही.

त्यापेक्षा फ्रेड विल्सन या अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंताने काय केले ते पाहावे. १९९२ साली बाल्टिमोरमध्ये, १८४४ पासून चालत आलेल्या मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीत त्याने 'मायनिंग द म्युझियम' हे प्रदर्शन मांडले. संस्थेच्याच कोठारात धूळ खात पडलेल्या वस्तू त्याने बाहेर काढल्या. चांदीच्या नक्षीदार सुरया आणि पेले, आणि त्यांच्या मधोमध गुलामांच्या लोखंडी बेड्या. पाटी एवढीच: 'धातुकाम, १७९३ ते १८८०'. श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील खुर्च्या मांडल्या आणि त्यांच्यासमोर फटके देण्याचा लाकडी खांब उभा केला. नेपोलियन, हेन्री क्ले, अँड्र्यू जॅक्सन यांचे अर्धपुतळे संस्थेने जपले होते. तिघांपैकी एकही मेरीलँडचा नव्हे. ज्यांचा जन्मच मेरीलँडचा, त्या हॅरिएट टबमन, फ्रेडरिक डग्लस आणि बेंजामिन बॅनेकर यांच्या नावाचे चौथरे त्याने रिकामे ठेवले.

येथे सत्य नाकारलेले नाही. बेड्या खऱ्याच होत्या, खोटी होती ती मांडणी. १९७२ साली ब्लॅक पँथरवरून प्रेरणा घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्या परंपरेतील वाचकाला हा फरक फोड करून सांगायला नको.

मात्र हुरळून जाण्याचेही कारण नाही. १९७१ साली न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने हान्स हाके या कलावंताचे प्रदर्शन ऐनवेळी रद्द केले होते. शहरातील एका घरमालक-गटाच्या मालमत्तांचे व्यवहार सरकारी नोंदींतून काढून तो भिंतीवर लावणार होता. त्याची बाजू घेणाऱ्या अभिरक्षकाची नोकरीही गेली. एकवीस वर्षांनी विल्सनला मात्र दार उघडून आत घेतले गेले. संस्था शहाण्या झाल्या, असे आम्ही म्हणतो. टीकाकाराला पाहुणा केले की टीकाही प्रदर्शनाच्या तारखांत बसते. विश्वस्त कोण, खरेदी कोण ठरवतो, नोंदवहीत वस्तूचे नाव कोण लिहितो, हे प्रश्न त्या तारखांत मावत नाहीत.

१९९३ मध्ये प्रदर्शन उतरले आणि पाट्या लिहिण्याचे काम पुन्हा संस्थेकडे गेले.