रंगीत काच, रानपाखरे आणि राजाश्रय

कलावंताच्या कौतुकाला आपल्याकडे सहसा तोटा नसतो. उणीव असते ती त्याच्या हाताला काम देणाऱ्यांची. रंगीत काचचित्रांच्या खिडक्या घडविणे आणि वन्यजीवांची चित्रे रंगविणे या दोन कलांच्या बाबतीत हे प्रकर्षाने जाणवते. वरवर पाहता या दोहोंचा परस्परांशी संबंध नाही. तथापि दोन्हींना विलक्षण चिकाटी लागते, दोन्ही वेळखाऊ आहेत. आणि एकीला ‘कारागिरी’, तर दुसरीला ‘पुस्तकातील चित्रे’ ठरवून कलेच्या पंगतीत शेवटचे पान मांडले जाते. दोन्हींचा इतिहास मात्र एकच गोष्ट सांगतो : या कला आश्रयावर जगल्या आहेत.

मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आणि त्यावरील राजाबाई मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. त्यासाठी देणगी दिली ती शेअर दलाल प्रेमचंद रायचंद यांनी. मनोऱ्याला नाव मिळाले त्यांच्या मातोश्रींचे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हाचा हा पैसा. १८६५ साली युद्ध संपले आणि मुंबईतील तेजीचा फुगा फुटला. धनाढ्य घराणी रसातळाला गेली, प्रेमचंद यांनाही जबर फटका बसला आणि त्या काळची बँक ऑफ बॉम्बेही त्या तडाख्यातून सावरली नाही. ज्या शेअरांसाठी माणसे वेडी झाली होती, त्यांची रद्दी झाली. देणगीतून उभ्या राहिलेल्या वास्तूतील रंगीत काचांतून मात्र आजही वाचनालयात प्रकाश झिरपतो.

अर्थात काचचित्र एकदा बसविले म्हणजे काम संपत नाही. कोबाल्टमुळे निळा, सोने वा तांबे यांच्या योगाने लाल असे रंग काचेच्या अंगातच मुरलेले असतात. त्यांवरील चेहऱ्याच्या वा वस्त्राच्या चुण्यांच्या रेषा रंगवून भट्टीत भाजलेल्या असतात. हे शेकडो तुकडे शिशाच्या खाचदार पट्ट्यांत जखडलेले असतात. काच शतकानुशतके टिकते, परंतु शिसे थकते. ते वाकले की चित्राला पोक येतो आणि काच तडकते. मग प्रत्येक तुकड्याला क्रमांक देऊन सारे चित्र उलगडावे व पुन्हा जुळवावे लागते. राजाबाई मनोऱ्याच्या वास्तूचे २०१५ साली पूर्ण झालेले जतनकार्य टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या अर्थसाहाय्यामुळे शक्य झाले. मुंबईतील जुन्या काचचित्रांच्या जतनासाठी स्वाती चंदगडकर यांच्यासारख्या कलावंतांनी परिश्रम घेतले आहेत. पैसा उभा करता येतो. असे हात मात्र ऐनवेळी उभे करता येत नाहीत.

वन्यजीव-चित्रणाची कथाही अशीच आहे. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी अपूर्व पशुपक्षी आणले. त्यांत एक टर्की होता. बादशहाने त्यांचे वर्णन लिहून समाधान मानले नाही; दरबारच्या चित्रकारांना त्यांची चित्रे काढण्याची आज्ञा केली. उस्ताद मन्सूरने रेखाटलेला टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात, तर त्याचा सायबेरियन क्रौंच कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. हे क्रौंच हिवाळ्यात राजस्थानात भरतपूरच्या पाणथळीवर उतरत असत. २००२ नंतर ते तेथे दिसलेले नाहीत. पक्षी येईनासा झाला, तरी त्याचे पीस न् पीस कागदावर शाबूत आहे.

छायाचित्रणाच्या युगात या खटाटोपाची गरज काय, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर पक्षिनिरीक्षकाच्या झोळीतच सापडते. छायाचित्रात असतो एका क्षणाचा, एका उजेडातला एकच पक्षी. चित्रकार मात्र नर, मादी, पिल्लू, विणीच्या काळातील पिसारा आणि उडतानाचे पंख एकाच पानावर शेजारी शेजारी मांडतो. ओळख पटविणारी खूण ठळक करतो. म्हणूनच ग्रिमेट आणि इन्स्किप यांच्या १९९८ सालच्या भारतीय उपखंडातील पक्ष्यांवरील ग्रंथासाठी चित्रकारांचा संचच कामाला लावावा लागला. त्यात आपले कार्ल डिसिल्वाही होते.

जहांगीर आता परतणार नाही. त्याची जागा संस्थांनी आणि सुजाण नागरिकांनी घ्यावयाची आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने वारसा, कला व संस्कृती यांचे जतन हे सामाजिक दायित्वाच्या खर्चाचे मान्य क्षेत्र ठरविले आहे. परंतु हा निधी बहुधा वास्तूकडे वळतो, माणसाकडे नाही. जतनाच्या प्रत्येक कामासोबत दोन-चार शिकाऊ उमेदवारांना विद्यावेतन मिळाले, तर पुढच्या दुरुस्तीला हात सापडतील. बँका व कंपन्या दरवर्षी दिनदर्शिका छापतातच; बारा तयार छायाचित्रांऐवजी एखाद्या चित्रकाराकडून बारा स्थानिक पक्षी रंगवून घेतले, तर त्याच्या वर्षभराच्या कामाला आधार मिळेल. घर बांधणाऱ्या ग्राहकालाही जिन्यावरच्या एका झरोक्यासाठी छापील काचेऐवजी खरे काचचित्र करवून घेता येईल. ते महाग पडेल हे खरे. परंतु कलावंताला शालीपेक्षा कामाची मागणी हवी असते आणि ती नोंदविणे कोणत्याही बादशाहीविना शक्य आहे.