लसीकरण : निवासी शाळेचे एक राहून गेलेले कर्तव्य

स्मरणिका हाती आली की माजी विद्यार्थी प्रथम छायाचित्रे पाहतात आणि आपल्या तुकडीतील चेहरे शोधतात. आम्हीही त्यास अपवाद नाही. कामरगावच्या परिसरात, वसतिगृहाच्या छपराखाली आमची जडणघडण झाली. एका लांबट खोलीत ओळीने अंथरलेल्या सतरंज्या, सर्वांना मिळून पाण्याची एकच टाकी, एकाच पंगतीचे जेवण. समता हा शब्द पुस्तकात वाचण्यापूर्वी आम्ही तो या पंगतीत अनुभवला. आज आमच्यापैकी काही जण आरोग्यसेवेत आहेत, काही शिक्षक आहेत, आणि काहींची मुले अशाच शाळांतून शिकत आहेत. या तिन्ही नात्यांनी एका विषयाकडे समाजबांधवांचे लक्ष वेधणे आम्हांस आवश्यक वाटते. तो विषय लसीकरणाचा.

ज्या एकत्र राहण्याने आम्हांला घडविले, त्याचीच दुसरी बाजूही आम्ही पाहिली आहे. एखाद्याला गोवर निघाला की पंधरवड्याच्या आत त्याच ओळीतील आणखी काही अंथरुणे तापाने फणफणत. वडीलधारी माणसे ‘माता आली’ म्हणत, उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवत आणि दिवस मोजत. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्यांच्या समूहात बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो, हे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते. घरात तीन-चार मुले असतात. वसतिगृहात ती शंभर-दोनशे असतात. म्हणूनच लसीकरण हा केवळ आईबापांचा खाजगी प्रश्न मानून निवासी शाळेला मोकळे होता येत नाही.

साथ आणि समाजसेवा यांचे नाते आपल्या चळवळीला नवे नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि पुढच्याच वर्षी तो पुण्यात पोहोचला. सावित्रीबाई फुले रुग्णांच्या सेवेसाठी उभ्या राहिल्या, आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांना गाठले. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका लहानशा प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने आपण तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती. त्याग आणि विज्ञान एकाच काळात, एकाच प्रांतात काम करीत होते. परंतु लस गोरगरिबांपर्यंत पोहोचण्यास मात्र वेळ लागला.

हाफकिन यांच्या कथेचा पुढील भाग आपण विशेष लक्षात ठेवावा. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल या गावी प्लेगची लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. हे सर्व एकाच बाटलीतून लस मिळालेले लोक होते. लस बनविणाऱ्यावर ठपका आला आणि तो दूर होण्यास १९०७ साल उजाडावे लागले. ती बाटली गावात उघडताना झालेल्या हयगयीने दूषित झाली असावी, असे मत पुढे आले. एका बाटलीने लोकांचा विश्वास असा हादरला.

असाच प्रसंग आपल्या शेजारी, यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात, ३१ जानेवारी २०२१ रोजी घडला. पल्स पोलिओच्या दिवशी एका गावातील बारा बालकांच्या तोंडात पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याच्या सॅनिटायझरचे थेंब पडले. सुदैवाने मुले बरी झाली. संबंधितांवर कारवाईही झाली. परंतु कारवाईने प्रश्न संपतो, असे आम्हांस वाटत नाही. लस देणाऱ्या हाताला पुरेसे प्रशिक्षण, पुरेशी विश्रांती आणि पुरेशी देखरेख मिळते काय, हा खरा प्रश्न आहे. आशाताई आणि एएनएम ताई यांच्याकडे सर्वेक्षणे, नोंदवह्या, मोबाइलवरील माहिती भरणे आणि लसीकरण ही सारी कामे एकाच वेळी असतात. त्यांच्या मानधनाच्या मागण्यांना आपण वाहतुकीची अडचण समजून पुढे जातो. ज्यांच्या हाती आपल्या लेकरांचा दंड देतो, त्यांच्या कष्टाचा मान राखणे हीदेखील लसीकरणाचीच एक अट आहे.

हे काम आज पूर्वीपेक्षा अधिक गुंतागुंतीचे झाले आहे. १९८५ साली देशात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा लसी मोजक्या होत्या. आता जन्मतः बीसीजी, पोलिओ आणि कावीळ ब. त्यानंतर दीड, अडीच व साडेतीन महिन्यांना पाच आजारांवरची पेंटाव्हॅलंट. महाराष्ट्रात २०१९ पासून रोटाव्हायरस आणि २०२१ पासून न्यूमोकोकल लस. नऊ महिन्यांनंतर गोवर-रुबेला, अशी ही मालिका आहे. २०२३ च्या जानेवारीपासून टोचून देण्याच्या पोलिओ लसीचा तिसरा डोसही नवव्या महिन्यात आला. पहिले दोन डोस उजव्या दंडावर आणि तिसरा डाव्या दंडावर, तोही त्वचेच्या आत अवघा ०.१ मिली, इतका हा हिशेब बारीक असतो. धनुर्वाताच्या जुन्या टीटी लसीची जागा आता टीडीने घेतली आहे. तीत धनुर्वाताबरोबर घटसर्पाचेही संरक्षण आहे.

नियमही बदलत जातात. पेंटाव्हॅलंट, टीडी यांसारख्या लसींची उघडलेली बाटली योग्य तापमानात व स्वच्छ राखल्यास अठ्ठावीस दिवसांपर्यंत वापरता येते. बीसीजी आणि गोवर-रुबेला यांची द्रावण मिसळलेली बाटली मात्र चार तासांनंतर फेकूनच द्यावी लागते. लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे. विदर्भाच्या उन्हाळ्यात उष्णतेची काळजी सर्वांनाच कळते. पण टीडी किंवा पेंटाव्हॅलंट बर्फाला चिकटून गोठली तरी ती निकामी होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बाटलीवरील वर्तुळातला लहान चौकोन भोवतीच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तरच ती लस वापरायची, ही खूण तर कोणत्याही साक्षर पालकाला पाहता येण्याजोगी आहे. ती पाहण्याची इच्छा दाखवली म्हणून कोणी रागावू नये, आणि पाहणाऱ्यानेही ती संशयाने नव्हे, आस्थेने पाहावी.

या साऱ्याचा निवासी शाळेशी संबंध कोणता, असे कोणी विचारील. बालपणीच्या लसी तर घरीच होऊन जातात! आमचे उत्तर असे की, या वेळापत्रकाचा उत्तरार्ध शाळेच्या वयातच येतो. त्रिगुणी लसीचा दुसरा बूस्टर पाच ते सहा वर्षे वयात, म्हणजे शाळेच्या उंबरठ्यावर, द्यावयाचा असतो. टीडीचा डोस दहाव्या वर्षी आणि पुन्हा सोळाव्या वर्षी. दहावे वर्ष म्हणजे बहुधा पाचवीचा प्रवेश आणि सोळावे म्हणजे दहावीच्या परीक्षेचा काळ. ज्या दोन वेळी लस द्यावयाची, त्या दोन्ही वेळी मूल आईबापांजवळ नसते. ते आपल्याजवळ असते. गावातील आशाताईच्या यादीत ते बाहेरगावी गेलेले असते आणि शाळेच्या गावातील यादीत ते अजून आलेले नसते. दोन याद्यांच्या मध्ये मूल हरवते, ते असे.

त्यातही स्थलांतरितांची मुले अधिक हरवतात. पोट भरण्यासाठी ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा पुण्या-मुंबईच्या बांधकामावर गेलेल्या कुटुंबाच्या बोचक्यात रेशनकार्ड जपले जाते, लसीकरण कार्ड मात्र मागे राहते. २०२२ साली गोवराने मुंबईतील गोवंडी, भिवंडी आणि मालेगाव येथे डोके वर काढले, तेव्हा तो दाट वस्तीत आणि लस न मिळालेल्या मुलांतच पसरला. त्या वेळी शासनाला पाच वर्षांखालील मुलांसाठी गोवर-रुबेलाचा अतिरिक्त डोस आणि काही भागांत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांसाठीही डोस देण्याचे ठरवावे लागले. गोवर रोखून धरण्यासाठी शंभरातील पंच्याण्णव मुलांचे संरक्षण आवश्यक मानले जाते. उरलेली पाच मुले नेमकी कोणाची असतात, हे आपणांस सांगावयास नको.

आपला वाशीम हा देशातील आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. २०१८ पासून चालू असलेल्या त्या कार्यक्रमात बालकांचे पूर्ण लसीकरण हा मोजमापाचा एक निकष आहे. परंतु जिल्ह्याची टक्केवारी वाढली म्हणजे आपल्या वसतिगृहातील मुलगी सुरक्षित झाली, असे नव्हे. टक्केवारी जिल्ह्याची असते. आजार एकेका मुलाचा असतो.

म्हणून आमची काही नम्र पण स्पष्ट मते आहेत. पहिले, प्रवेशाच्या वेळी प्रत्येक मुलाची लसीकरणाची नोंद घ्यावी आणि ती शाळेच्या आरोग्य नोंदवहीत कायम ठेवावी. दुसरे, आणि हे आम्ही अधिक आग्रहाने मांडतो, कार्ड नाही म्हणून एकाही मुलाचा प्रवेश अडवू नये. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बंद दरवाजे पाहिले, त्याने उभारलेल्या शाळेच्या दारात कागदाअभावी एखादे लेकरू परत फिरावे, यापरते दुर्दैव नाही. कार्ड नसेल तर ज्या उपकेंद्रात लस झाली तेथे विचारणा करावी, आणि जे राहिले असेल ते वयाच्या नियमाप्रमाणे वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने पूर्ण करून घ्यावे. तिसरे, शाळेच्या मुलांची यादी दरवर्षी जुलैत आरोग्य केंद्राकडे द्यावी आणि टीडीचे सत्र शाळेतच भरविण्याची विनंती करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीस येते, त्या वेळी या नोंदीही त्यांच्यापुढे ठेवाव्यात. चौथे, एक शिक्षक किंवा अधीक्षिका यांच्याकडे हे काम नेमून द्यावे, जेणेकरून बदललेला प्रत्येक नियम शाळेपर्यंत पोहोचेल.

पालकांच्या मनातील भीतीविषयीही बोलले पाहिजे. २०१८ च्या नोव्हेंबरात राज्यातील शाळांतून गोवर-रुबेलाची मोठी मोहीम निघाली, तेव्हा मोबाइलवरून अफवा फिरल्या आणि काही पालकांनी त्या दिवशी मुलांना शाळेतच पाठविले नाही. त्यांना अडाणी म्हणून हिणवणे सोपे आहे. पण ज्यांना सरकारी खिडकीवर नेहमी हुकूमच ऐकू आले, त्यांनी प्रश्न विचारला तर तो गुन्हा नव्हे. लस कोणती, तिने काय होऊ शकते, त्रास झाल्यास काय करावे, पुढची लस केव्हा, हे सांगणे लस देणाऱ्याचे कामच आहे. लस दिल्यावर अर्धा तास थांबवून ठेवणे हेही त्यातच येते. निवासी शाळेने पालकसभेत हे आधीच समजावून सांगावे, म्हणजे फोनवरच्या अफवेपूर्वी गुरुजींचा शब्द घरी पोहोचेल.

लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे आद्य कर्तव्य असल्याचे आपल्या संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात नमूद आहे. शासनाने ते पार पाडावे यासाठी आपण आवाज उठवूच. परंतु नोंदवहीचे एक पान उघडण्यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. या स्मरणिकेतील छायाचित्रांत जी लहान मुले रांगेत उभी आहेत, त्यांतील प्रत्येकाच्या नावापुढे तारीख आणि लस यांची नोंद असावी, एवढीच आमची अपेक्षा आहे. येत्या जुलैत प्रवेशाची वही उघडेल, तेव्हा तिच्यात हा एक रकाना वाढवावा. रकाना आखण्यासाठी लागणारी पट्टी आणि पेन घेऊन आम्ही माजी विद्यार्थी हजर राहू.