महासंगणकांनाही शेजपाळी हवी

पालम तालुका गोदावरीकाठचा खरा. पण तेथील कोरडवाहू शेतकऱ्याचा खरीप आजही पावसाच्या भरवशावरच उभा राहतो. मृगाच्या सरींवर सोयाबीन, कापूस पेरावा आणि पुढे पंधरा दिवस आभाळ कोरडे राहावे, की दुबार पेरणीचे कर्ज डोक्यावर आलेच. पेरावे की थांबावे, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग आता पुण्यातील महासंगणकावर तयार होतो. म्हणूनच अशा यंत्रांवर कोणाचे काम आधी चालावे, हा केवळ तंत्रज्ञांचा प्रश्न उरलेला नाही.

केंद्र सरकारने २०१५ साली ४,५०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय महासंगणन अभियान मंजूर केले. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली व कोलकाता येथे ‘परम रुद्र’ यंत्रे आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत ‘अर्का’ हा महासंगणक राष्ट्राला अर्पण झाला. मे २०२५ पासून हवामानाचा अंदाज १२ ऐवजी ६ किलोमीटरच्या चौकटीत दिला जाऊ लागला. चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात, वेळेचे टप्पेही निम्मे करावे लागतात आणि गणित सुमारे आठपट वाढते. अंदाज गावाच्या जितका जवळ आणावा, तितकी संगणकाची भूक वाढत जाते. यंत्रे कितीही घेतली तरी मागणी पुरवठ्याच्या पुढेच धावणार.

अशा वेळी प्रत्येक संस्थेने आपले यंत्र व आपली रांग वेगळी राखली, तर एकीकडे कामे तुंबतात आणि दुसरीकडे यंत्र रिकामे पडून राहते. यावर उपाय शोधण्याचा प्रयत्न आपल्याकडे झाला आहे. पुण्याच्या ‘सी-डॅक’ने ‘गरुड’ या योजनेद्वारे १७ शहरांतील ४५ संस्था एका जाळ्यात जोडल्या होत्या. संस्थांच्या स्थानिक रांगा कायम ठेवून, आलेले काम योग्य यंत्राकडे धाडणारी समन्वयक व्यवस्था त्यांच्यावर बसविली होती. तंत्र अवघड नव्हते, असे नाही. परंतु आपल्या यंत्रावर परक्या संस्थेचे काम केव्हा आणि किती घ्यावे, हा प्रश्न तारांनी सुटत नाही. तो करारानेच सुटतो.

हा करार मराठी शेतकऱ्याला नवा नाही. कालव्यावरील शेजपाळीत प्रत्येकाची वेळ आधी ठरते आणि पाणी टेलकडून वर येत जाते. कारण पहिला हक्क डोक्यावरच्या शेताला दिला, तर टेलच्या शेतापर्यंत पाणी पोहोचतच नाही. नियम मोडले जातात हेही खरे. म्हणून तर २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना अधिकार दिले.

संगणकाच्या रांगेलाही असेच न्याय्य नियम लावता येतात. ज्याने अलीकडे अधिक वेळ वापरला, त्याचा क्रम खाली जावा. मोठे काम पुरेशी यंत्रे मोकळी होण्याची वाट पाहत असेल, तर मधल्या फटीत लहान कामे उरकावीत. मात्र त्यासाठी प्रत्येकाने लागणारा वेळ खरा सांगितला पाहिजे. अंदाजाच्या कामाला मात्र वेळेची मर्यादा असते. पाऊस पडून गेल्यावर मिळालेला अंदाज कवडीमोल असल्याने त्याची वेळ आधीच राखून ठेवावी लागते.

यंत्र सांभाळणारी संस्था म्हणेल, वीजबिल आमचे, माणसे आमची, मग पहिला हक्क आमचा का नसावा? तिचा वाटा तिला मिळालाच पाहिजे. पण यंत्र जनतेच्या पैशाचे आहे. सांभाळणारा हा विश्वस्त आहे, मालक नव्हे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या प्रत्येक महासंगणकाचे क्रमवारीचे नियम प्रसिद्ध व्हावेत. कोणी किती तास वापरले आणि यंत्र किती तास रिकामे राहिले, याचा हिशेब दरमहा जाहीर व्हावा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठासारख्या, स्वतःचे महाकाय यंत्र नसलेल्या संस्थांना राखीव वाटा मिळावा आणि नियम ठरविणाऱ्या समितीत त्यांचे प्रतिनिधी असावेत. रांग कोण लावतो, यावर रांगेतील न्याय ठरतो. ती लावण्याचा अधिकार डोक्यावरच्यांच्याच हाती राहिला, तर टेलच्या माणसाला मिळेल ते उरलेसुरलेच.