बियाणे उगवले नाही : तक्रार एकट्याने की एकत्र?

सोयाबीन उगवले नाही, की दुबार पेरणीचा खर्च शेतकऱ्याच्या अंगावर पडतो. एकट्याचे नुकसान काही हजारांचे असेल, तर त्यासाठी ग्राहक आयोगात हेलपाटे घालणे परवडत नाही. एकाच लॉटचे बियाणे घेतलेल्यांना मात्र एकत्र दाद मागता येते.

कायदा काय सांगतो?

बियाणे विकत घेणारा शेतकरी ‘ग्राहक’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात स्पष्ट केले. तपासणीसाठी शेतकऱ्याने नमुना राखून ठेवावा, अशी अपेक्षा करता येत नाही, असेही न्यायालयाने म्हटले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३५ नुसार समान हित असलेल्या सर्वांच्या वतीने काही ग्राहक आयोगाच्या परवानगीने तक्रार करू शकतात.

२०२१ चा निकाल

बंगळूरच्या एका गृहप्रकल्पात ११३४ सदनिका होत्या. त्यातील ५१ सदनिकांच्या ९१ खरेदीदारांनी सर्वांच्या वतीने तक्रार केली. सर्वांचे हित समान कसे, हे तक्रारीत पुरेसे मांडलेले नव्हते. त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने ती सामूहिक तक्रार मानली नाही. मात्र त्या ९१ जणांपुरती संयुक्त तक्रार म्हणून ती चालवण्यास मुभा दिली.

शेतकऱ्यांनी यातून काय घ्यावे?

लॉट एक असला तरी पेरणीची तारीख, खोली आणि जमिनीतील ओल प्रत्येक शेतात वेगळी असते. कंपनी नेमका हाच मुद्दा पुढे करू शकते. म्हणून सगळ्या तालुक्याच्या वतीने तक्रार करण्यापेक्षा दहा-वीस जणांनी आपापल्या नावाने संयुक्त तक्रार करणे अधिक सुरक्षित. तिला सामूहिक तक्रारीसारखी परवानगी लागत नाही.

हे नक्की करा

• लॉट क्रमांक असलेले पक्के बिल, पिशवी व टॅग जपून ठेवा.
• उगवण कमी दिसताच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या व पोच घ्या.
• पंचनाम्यात प्रत्येक शेताची पेरणीची तारीख, खोली, ओल आणि उगवणीची टक्केवारी स्वतंत्र नोंदवून घ्या. मोड करून दुबार पेरणी त्यानंतरच करा.
• आयोगाकडील तक्रार २ वर्षांच्या आत दाखल करा. बियाण्यापोटी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही.

तक्रार एकत्र असली, तरी पुरावा ज्याचा त्यानेच जपायचा आहे.